त्रेसष्ट फुल्या

दार सोमनाथनंच उघडलं, आणि त्याला बघून हर्षाली दोन पायऱ्या मागं सरकली.

"काका, तुम्ही?"

"मी नाही तर कोण? माझंच घर आहे. आत ये."

हर्षाली आत आली नाही. ती कॉलनीतली अंगणवाडी सेविका. मतदार यादी दुरुस्तीचे दिवस आले की बीएलओचं काम तिच्याच गळ्यात पडायचं, म्हणजे कोण राहतं, कोण सोडून गेलं, कोण वारलं याची घरोघर फिरून खात्री करायची. हातातल्या कागदाकडं आणि समोरच्या सोमनाथकडं तिनं दोनदा आळीपाळीनं पाहिलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही मयत आहात."

सोमनाथच्या हातात पुसायला घेतलेलं केळीचं पान होतं. पितृपक्ष चालू होता आणि त्या दिवशी नेमकी त्याच्या वडिलांची तिथ होती. तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस, सहजासहजी गडबडायचा नाही. "बरोबर वेळ साधलीस," तो म्हणाला. "एक पान जास्तीचं मांडतो. की रामकुंडावर जाऊन यायचं आधी?"

"चेष्टा नाही काका. कागद आलाय."

स्वयंपाकघरातून मैना बाहेर आली. उडदाच्या वड्यांचं पीठ कोपरापर्यंत लागलेलं. "कोणी लिहिलं गं हे? चांगल्या धडधाकट माणसाला? हात कसे झडले नाहीत मेल्याचे!"

हर्षालीनं कागद पुढं केला.

मैनानं तो दोन बोटांच्या चिमटीत धरला. नाव वगळण्याचा अर्ज होता. मतदार: सोमनाथ बोराडे. वगळण्याचं कारण: मयत. वरील माहितीची मी स्वतः खात्री केली आहे, अशी छापील ओळ. आणि त्या ओळीखाली, हरकत घेणाऱ्याच्या जागी, निळ्या शाईत, बोराडेमधल्या काना-मात्रेला उगीच घातलेल्या झोकदार वळणासकट सही होती: सौ. मैना सोमनाथ बोराडे.

सौ. ती कधीच विसरायची नाही.

कढईतलं तेल तापून धूर आला तरी तिला कळलं नाही. सोमनाथ आत जाऊन गॅस बंद करून आला.

"काकू," हर्षाली हळूच म्हणाली, "हा एकच नाही. त्रेसष्ट आहेत. सगळ्यांवर तुमचीच सही."

मैना सातवी शिकलेली. लग्न होऊन येवल्याकडच्या खेड्यातून नाशिक रोडला आली तेव्हा तिला दुकानाच्या पाट्यासुद्धा अडखळत वाचता यायच्या. पुढं तिनं स्वतःच वाचन वाढवलं. भेळेचा कागद, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, बसच्या तिकिटामागच्या सूचना, काही सोडलं नाही. भाजीवाल्यानं मेथी गुंडाळून दिलेल्या पेपरातली अर्धी बातमी वाचून उरलेली शोधायला ती एकदा परत बाजारात गेली होती. पण पक्षाकडून आलेला कागद तिनं चोवीस वर्षांत कधी वाचला नव्हता. तो कपाळाला लावायचा आणि सही करायची. घरच्या माणसानं वाढलेलं ताट कुणी हुंगून बघतं का?

गणपतीच्या आधी समाधाननं तिला ऑफिसात बोलावलं होतं. समाधान म्हणजे त्यांचा प्रभाग अध्यक्ष. "ताई, नवीन नोंदणीचे फॉर्म आहेत. पुढं गर्दी होते, सह्या तेवढ्या करून ठेवा, बाकी पोरं भरतील." मैनानं चहा निवेपर्यंत सगळा गठ्ठा हातावेगळा केला होता. वर म्हणाली होती, "अजून आहेत का रे?"

"नावं वाच," तिनं हर्षालीला सांगितलं. स्वतः वाचायचं धाडस होईना.

हर्षाली वाचू लागली. पाच नावं झाली, दहा झाली, आणि मैना तशीच पिठाच्या हातानं भिंतीला टेकली. ही नावं तिला पाठ होती. याच क्रमानं पाठ होती. या तिच्या फुल्या होत्या.

चोवीस वर्षांत पक्षानं मैनाला पद दिलं नव्हतं, पण एक यादी दिली होती. आपल्या बूथची, हजारेक नावांची. त्या यादीवर ती पेन्सिलीनं खुणा करायची. बरोबरची खूण म्हणजे आपला. गोल म्हणजे सासर-माहेर, म्हणजे दोन्हीकडं जेवून ढेकर देणारा. आणि फुली म्हणजे त्यांचा. फुलीचा अर्थ एवढाच, की मतदानाच्या दिवशी त्याला उगीच उन्हात उठवायला जायचं नाही, रिक्षा दुसऱ्या दारात पाठवायची. सगळ्या नाशकात मैनाताईच्या यादीसारखी यादी नाही असं समाधान सभेत सांगायचा, आणि ते खरं होतं. मोजणीच्या दिवशी तिचा अंदाज दहा मतांच्या पलीकडं कधी चुकला नव्हता. कारण लोक तिला खरं सांगायचे. खोटं बोलायला माणसाला काहीतरी कारण लागतं, ते मैनानं कधी दिलंच नाही. "बरं बाई, नका देऊ आम्हाला, पण द्यायला मात्र जा," म्हणून चहा पिऊन उठायची.

गेल्या वर्षी समाधाननं ती यादी मागून घेतली. ॲपमध्ये टाकायची म्हणाला. तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिली.

हर्षाली गेली. वडे राहिलेच. सोमनाथनं भातावर वरण वाढून वडिलांचं पान मांडलं, नमस्कार केला आणि भिंतीकडं बघत विचारलं, "मेलो त्याचं काही नाही. पण फुली कधी मारलीस?"

मैनानं हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं.

"विधानसभेनंतर."

"जेवताना तुला सांगितलं होतं मी, की मैने, यावेळी काही माझा हात तुमच्या बटणाकडं गेला नाही. घरात सांगितलं होतं. आमटी वाढत होतीस तू."

"अहो, यादी खरी पाहिजे ना..."

"यादी," सोमनाथ म्हणाला. एवढंच. मग त्यानं पायात चपला घातल्या आणि भर दुपारी बाहेर निघून गेला. भांडला असता तर बरं, असं मैनाला वाटलं. तो कधी भांडायचा नाही, हीच त्याची खोड.

चार वाजता ती दोन गल्ल्या ओलांडून सुमनबाईंकडं गेली. सुमनबाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मैनाला पहिल्यांदा बँकेची स्लिप भरायला शिकवली ती त्यांनीच. दारात निळी रांगोळी, भिंतीवर बाबासाहेब, आणि टेबलावर चष्म्याच्या घराखाली दाबून ठेवलेली नोटीस. कारण: कायमचे स्थलांतरित.

"ये," सुमनबाई म्हणाल्या. "मी कुठं गेले गं मैना? पत्ता तरी लिहायचास. पेन्शन तिकडं वळवून घेतली असती."

"बाई, मला माहीत नव्हतं. शप्पथ. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या माझ्या."

"मला वाटलंच. म्हणूनच जास्त राग येतोय. तू जाणूनबुजून केलं असतंस तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते." त्यांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. "मीच म्हटलं होतं ना तुला, माझ्यापुढं फुली मार, खोटं लिहू नकोस? इथंच बसून. तू हसलीस, मी हसले."

मैनानं नोटिशीवरचं चष्म्याचं घर नीट ठेवलं.

"माझी आई जायच्या चार दिवस आधी मत द्यायला गेली होती. खुर्चीवर बसवून नेली आपण. रिक्षा कुणी आणली होती?"

"मी."

"तुझ्या पक्षाच्या पैशाची. आई तुमच्या विरुद्ध मत देणार हे माहीत असून. तेव्हा मी म्हटलं होतं, ही बाई चुकीच्या पक्षात आहे, पण बाई चुकीची नाही." सुमनबाई उठून पाणी आणायला गेल्या आणि आतूनच बोलल्या, "गुरुवारी सुनावणी आहे. मी जाईन माझे कागद घेऊन. पण त्या झिपरूचं काय? त्याला वाचता येत नाही. त्यानं नोटीस लाइटचं बिल समजून मीटरच्या फळीमागं खोचून ठेवलीय. गेला नाही, आणि तू तिथं खात्री केली म्हणालीस, की संपलं त्याचं."

पाण्याचा तांब्या आणला, पण मैनाला दिला नाही. टेबलावर ठेवला. मैनानं तो स्वतःच उचलून प्यायला. ते तिच्या मनाला फार लागलं.

समाधानचं ऑफिस चौकातच. एकेकाळी खळीचा डबा घेऊन भिंतीवर पत्रकं चिकटवणारा हा मुलगा, भूक लागली की मैनाच्या ओट्यावर येऊन बसायचा. आता बाहेर पांढरी गाडी उभी असायची. पण मैना आली की तो अजून खुर्चीवरून उठायचा. आजही उठला.

"समाधान, सोमनाथला मारलंस तू."

"अरे देवा!" त्यानं कपाळावर हात मारला, आणि तो खरंच हबकलेला दिसला. "भाऊंचं नाव गेलं का त्यात? ती पोरं म्हणजे... ॲपवरून सरळ उचलतात, ताई. बघत नाहीत, डोकं नाही. मी आजच काढतो. सोडा, काळजीच सोडा."

"आणि बाकीचे बासष्ट?"

समाधान गोंधळला. त्याला प्रश्नच समजला नव्हता. "ते तर फुलीवालेच आहेत ना?"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधायचा मैनानं फार प्रयत्न केला. सापडली असती तर आधार झाला असता. पण तिथं नुसतं आश्चर्य होतं, ताईंना एवढी साधी गोष्ट का कळत नाही याचं.

"माणसं आहेत ती," ती म्हणाली. "राहतात तिथं. रोज भेटतात मला."

"राहू द्या की. घर कुठं काढतोय आपण त्यांचं? मागच्या खेपेला एकशे चाळीस मतांनी पडलो, ताई. एकशे चाळीस! समोरचे काय धुतल्या तांदळाचे आहेत? सगळीकडं चालतं हे." त्यानं आवाज खाली आणला. "गुरुवारी फक्त जायचं. साहेब विचारतील खात्री केली का, हो म्हणायचं. पाच मिनिटांचं काम."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तसं नका करू." तो आता खरोखर काळजीत पडला. "खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा, खोटं लिहून दिलं तर शिक्षा होते. सही तुमची आहे. पक्ष कुठं आहे त्यात?"

मैनानं पर्समधून सोमनाथचा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मागची बाजूही वाचली. खरंच होतं. पक्ष कुठंच नव्हता. चोवीस वर्षं ती म्हणत आली होती, मी पक्षाची, पक्ष माझा. आणि या कागदावर ती एकटीच उभी होती, कपाळावर कुंकू लावून, जिवंत नवऱ्याला मयत म्हणत.

निघताना समाधान वाकून पाया पडला. नेहमीसारखा. मैनाला पाय मागं घ्यायचं सुचलंसुद्धा नाही.

मंगळवार आणि बुधवार तिनं बासष्ट दारं हिंडली. पंचवीस-तीस वर्षांच्या ओळखीची दारं, पण प्रत्येक ठिकाणी आधी कडी वाजवावी लागली. एकीनं जाळीच्या आडूनच सुनावलं, "नाव खोडलंत, आता काय दवंडी पिटायला आलात?" एका घरात लहान पोरगी म्हणाली, आई घरात नाही, आणि आतून आईचा खोकला ऐकू आला. मैना सगळीकडं एकच सांगत होती: गुरुवारी अकराला या, आधार कार्ड आणा, बाकी मी बोलते. काय बोलणार ते तिचं तिनंही ठरवलं नव्हतं.

झिपरू भंगाराची हातगाडी लावत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि छातीवर हात ठेवून विचारलं, "मैनाताई, मी हाय ना? तुमी बघताय ना मला?"

"आहेस रे बाबा."

"मंग कागद कसा म्हनतो नाय?"

तिनं मीटरच्या फळीमागची नोटीस काढून त्याच्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

गुरुवारी सोमनाथ तिच्याबरोबर निघाला. तीन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता, पण शर्ट इस्त्रीचा घातला होता. "मयत माणसानं जरा नीट दिसावं," रिक्षात बसताना म्हणाला, आणि मैनाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास पुरता घेता आला.

सुनावणीच्या हॉलमध्ये एक्कावन्न जण आले होते. बारा जण आलेच नव्हते. सुमनबाई पहिल्या बाकावर, मांडीवर फाईल. मैनाकडं त्यांनी पाहिलं नाही. दाराशी समाधान उभा होता, आणि त्याच्या शेजारी उज्वला. शेजारच्या बूथचं काम बघणारी, मैनानंच हाताला धरून पक्षात आणलेली. उज्वलानं ओळखीचं हसू आणायचा प्रयत्न केला, पण ते काही नीट उमटलं नाही.

"हरकतदार कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं. पन्नाशीचे, सर्दी झालेले, थकलेले गृहस्थ.

मैना उभी राहिली.

"या सगळ्या नावांची तुम्ही खात्री केली होती?"

हॉलमधला पंखा फार आवाज करत होता. "नाही," मैना म्हणाली.

"मग खात्री केली म्हणून सही कशी?"

"सही माझी आहे. कोऱ्या फॉर्मवर केली. वाचलं नाही. यातलं एक माणूस गेलेलं नाही की मेलेलं नाही. हे माझे मिस्टर, बघा, इथं उभे आहेत."

कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही काय बोलताय त्याचा अर्थ कळतोय ना? हे तुमच्यावर येऊ शकतं."

"कळतोय. येऊ द्या."

एवढं बोलून झालं की सुटलो, असं तिला वाटलं होतं. स्वतःवर घ्यायची तिची तयारी होती. चोवीस वर्षं तेच केलं होतं. सभेला माणसं कमी आली तर ती दोषी, रिक्षा उशिरा आली तर ती दोषी. पण अधिकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"कोरे फॉर्म कुणी दिले?"

दाराकडं बघायचं नाही असं ठरवूनही मैनानं बघितलं. समाधान हात जोडून उभा होता. ओट्यावर बसून भाकरी खाणारा मुलगाच तो, आणि ती त्याला आत्ता, या क्षणी, वाचवू शकत होती. नाव माहीत नाही म्हणायचं. विसरले म्हणायचं. बाईमाणूस, कमी शिकलेली, कुणीही मानलं असतं.

"साहेब," मागून झिपरूनं विचारलं, "मी बसू का जाऊ? गाडी रस्त्यात लावेल हाय."

"बस रे," मैना म्हणाली, आणि मग समाधानचं नाव सांगितलं, आडनावासकट, पदासकट. अधिकाऱ्यांनी पक्ष विचारला. तो तिनं पूर्ण सांगितला, व्यासपीठावरून सांगायची तसा. फक्त आयुष्यात पहिल्यांदा त्या नावापुढं 'विजय असो' आलं नाही. नाव तोंडातून बाहेर पडलं आणि नुसतंच लोंबकळत राहिलं.

समाधान जिना उतरून गेला.

"लेखी द्यावं लागेल," अधिकारी नाक पुसत म्हणाले. "प्रत्येक अर्जाला वेगळा जबाब. जे आले नाहीत त्यांचेही."

त्रेसष्ट. मैना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. सोमनाथनं खुर्ची ओढून घेतली आणि एकेक नाव वाचून दाखवू लागला. ती लिहू लागली. सहाव्या जबाबाला फोन थरथरला. पक्षाच्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं होतं. ग्रुप तिनंच सुरू केला होता, सकाळी सगळ्यांना शुभेच्छा तीच पाठवायची. हे होणार हे तिला कळत होतं. तरी डोळे भरून आले आणि सातव्या कागदावर झिपरूचं नाव फिसकटलं. तिला स्वतःचीच लाज वाटली, की एवढं झाल्यावरही त्यांनी काढलं म्हणून आपल्याला रडू यावं!

सुमनबाईंचं काम झालं होतं. त्या जायला उठल्या, टेबलाशी थांबल्या. टेबलाला मधोमध भेग होती, तिथं पेन अडखळत होतं; त्यांनी आपली फाईल रिकामी करून मैनाच्या कागदाखाली सरकवली, आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या.

साडेपाचला शिपाई खिडक्या लावायला लागला तेव्हा सव्वीस झाले होते. उरलेले उद्या, साडेदहाला. मैनानं बोटं मोडली आणि उठली, तर दाराशी उज्वला अजून तशीच उभी. समाधानच्या गाडीतून ती गेलीच नव्हती. पदराचं टोक तिनं मुठीत पिळून पिळून दोरीसारखं केलं होतं.

"काय गं?"

"ताई, मी पण सह्या केल्यात. माझ्या बूथच्या."

"किती?"

"मोजल्या नाहीत." उज्वलाला नीट बोलता येईना. "मी विचारलं होतं समाधानभाऊंना, हे काय आहे म्हणून. ते म्हणाले, मैनाताईंनी केल्यात. मग मी पुढचं विचारलंच नाही."